घट्टा जाड चालेल, उंच नको

जिम सुरू करून दोन-तीन महिने झालेल्या कुणाचाही तळहात बघा. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी पिवळट, कडक उंचवटे आलेले असतात, करंगळीखाली एखादा धाकटा. बहुतेकांना त्यांचा थोडा अभिमानच असतो. मित्राला हात दाखवून ‘बघ, घट्टे पडले’ असं सांगितलं जातं. मग एका संध्याकाळी पुलअप (आडव्या दांड्याला लटकून शरीर वर ओढणं) ऐन रंगात असताना त्यातला एक घट्टा चामडीसकट उचकटतो. खाली लालभडक, ओली जागा. पुढचे चार-सहा दिवस लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी येतं, गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना आग होते, आणि पाठीचा व्यायाम बंद.

यावर जिममध्ये साधारण दोन सल्ले मिळतात. एक, ‘ग्लोव्हज घाल.’ दुसरा, ‘अजून हात तयार झाला नाही, होईल हळूहळू.’ हा दुसरा सल्ला तर उलटाच आहे, कारण फाटतो तो तयार झालेला हातच. कोवळ्या हाताला फोड येतात. चामडी उचकटायला आधी घट्टा लागतो, आणि तोही चांगला पोसलेला. म्हणून घट्टा कशाचा बनतो आणि नेमका कुठून सुटतो हे आधी बघू. उपाय त्यातूनच निघतात, आणि बरेचसे फुकट आहेत.

कातडी जाड का होते

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. नव्या पेशी खाली जन्मतात आणि वर सरकत जातात. सरकता सरकता त्यांच्यात केराटिन नावाचं प्रथिन भरतं, आणि वर पोचेपर्यंत त्या मरून चपट्या झालेल्या असतात. नखं, केस, बैलाच्या शिंगावरचं कडक आवरण, सगळीकडे हेच केराटिन. हा प्रवास साधारण महिनाभराचा असतो. शेवटी त्या पेशी आपल्या नकळत गळून जातात. तळहात आणि तळपायावर हा सगळा थर मुळातच जाड असतो. पापणीची बाह्यत्वचा जेमतेम ०.०५ मिलिमीटर, तर तळव्यांची सुमारे १.५ मिलिमीटरपर्यंत. शिवाय तळहातावर केस नसतात आणि तेलग्रंथीही नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र दाटीवाटीनं असतात. म्हणजे तळहात ओला पटकन होतो, पण त्याच्याकडे स्वतःचं तेल नाही.

एकाच जागी रोज दाब पडू लागला आणि घासलं जाऊ लागलं की शरीर तिथे पेशींचं उत्पादन वाढवतं, आणि वरच्या मेलेल्या पेशी लवकर सुटतही नाहीत. थरावर थर बसतो. तोच घट्टा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, म्हणून वरच्या वर टाचणी टोचली तरी काही कळत नाही. हा काही आजार नाही. ज्या जागेला रोज मार बसतो ती जागा शरीरानं आपणहून पक्की केलेली असते.

फोडाचं प्रकरण वेगळं. घासणं एकदम फार झालं आणि जाडी वाढायला वेळच मिळाला नाही, तर वरचे थर एकीकडे ओढले जातात आणि खालचे जागीच राहतात. मधल्या जिवंत पेशींच्या थरात फट पडते आणि तिच्यात पाणी साचतं. नाशिकमध्ये हा फरक बघायचा तर ढोल पथकाच्या सरावाला जावं. गणपतीच्या काही आठवडे आधी सराव सुरू होतो. पहिल्याच दिवशी जोशात तीन तास वाजवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड घेऊन येतो. रोज अर्धा-पाऊण तास वाजवत हळूहळू वेळ वाढवणाऱ्याच्या बोटांना विसर्जनापर्यंत घट्टे आलेले असतात. टिपरू तेच, ताल तोच. एकानं कातडीला वेळ दिला, दुसऱ्यानं दिला नाही. पुलअप शून्यावरून थेट पन्नासवर नेणाऱ्याचंही हेच होतं. स्नायू दोन दिवसांत सावरतात, कातडीला आठवडे लागतात, आणि व्यायामाचा तक्ता आखताना तिचा विचार सहसा कुणी करत नाही.

घट्टा कुठे आहे यावरून माणूस काय धरतो ते कळतं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी करणाऱ्यांचे घट्टे कात्री जिथे टेकते तिथे, म्हणजे अंगठ्याकडे आणि बोटांच्या पेरांवर सापडतील. वजन उचलणाऱ्याचा घट्टा बोटांच्या अगदी मुळाशी असावा. तो त्याच्याही खाली, तळहाताच्या मध्याकडे सरकलेला असेल, तर त्या माणसाला व्यायाम करताना न बघताही त्याची पकड चुकते आहे असं बहुधा सांगता येतं.

फाटतो कडेला

बार, म्हणजे व्यायामाचा लोखंडी दांडा, हातात असताना घट्ट्यावर दोन प्रकारचे जोर येतात. एक सरळ दाब, आतल्या दिशेनं. हा घट्टा आरामात सोसतो. त्याचं कामच ते. दुसरी आडवी ओढ, कातडीच्या पृष्ठभागाला समांतर. गोंधळ इथे होतो. घट्टा कडक आहे, आजूबाजूची कातडी लवचिक आहे. ओढ आली की लवचिक कातडी ताणली जाते, घट्टा ताणला जात नाही, आणि सगळा ताण दोघांच्या सांध्यावर गोळा होतो. त्यातच घट्ट्याची कड वर आलेली असेल तर बारला धरायला जागाच मिळते. अंथरलेल्या सतरंजीच्या मधोमध कुणी अडखळत नाही, पाय अडकतो तो तिच्या वळलेल्या कडेत. जाड पण सपाट, कडेकडे हळूहळू उतरत गेलेला घट्टा वर्षानुवर्षं टिकतो. मधेच टेंगळासारखा उठलेला, कडेला पायरी असलेला घट्टा आज ना उद्या जातो.

ही आडवी ओढ येते कुठून? एक छोटा प्रयोग करा. तळहात उताणा धरा, मधोमध आडवं पेन ठेवा, मूठ घट्ट वळा. आता दुसऱ्या हातानं पेन बोटांच्या दिशेला ओढा. पेनाच्या पुढे, बोटांच्या मुळाशी, चामडीची एक वळकटी जमा होईल. पेनाच्या जागी ८० किलोचा बार आहे आणि ओढणारा हात गुरुत्वाकर्षणाचा आहे असं समजा. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचं वजन उभं राहत उचलताना) बार तळहाताच्या मधोमध धरला की वजन जमिनीवरून सुटताच तो खाली घसरतो आणि बोटांच्या वळणात येऊन थांबतो. मधल्या सगळ्या कातडीची घडी होते, आणि ती घडी बार आणि बोटाचं हाड यांच्यामध्ये चिमटली जाते. प्रत्येक रेपला, म्हणजे प्रत्येक उचलीला, एक चिमटा. घट्टा नेमका त्याच घडीवर वाढतो आणि फाटतोही तिथेच.

म्हणून एकदाच उचललेली जड डेडलिफ्ट हाताला फारसं काही करत नाही, आणि झोके घेत केलेले वीस-पंचवीस पुलअप सोलून काढतात. झोक्याच्या पुलअपमध्ये प्रत्येक वेळी तळवा बारभोवती पुढे-मागे फिरतो. वजन तुमच्या शरीराचंच असलं तरी घासण्याची संख्या बघा. क्रॉसफिटवाल्यांचे (वेगानं, भरपूर आवर्तनं करणाऱ्यांचे) हात सगळ्यात जास्त फाटलेले दिसतात ते यामुळे.

बारचाही यात वाटा असतो. त्याच्यावरच्या खरखरीत, चौकटीचौकटींच्या कामाला नर्लिंग म्हणतात. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. मायक्रोमीटर बोटांनी फिरवताना ते रोजच हाताला लागतं. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर ते धारदार असतं, साध्या जिमच्या जुन्या बारवर झिजून गुळगुळीत झालेलं. झिजलेला बार हाताला मऊ वाटतो खरा, पण तो निसटतो, मग आपण मूठ आणखी आवळतो, आणि घसरणं काही थांबत नाही.

दुसरी गोष्ट बारच्या टोकांची, जिथे वजनाच्या प्लेटी बसतात. चांगल्या ऑलिंपिक बारची टोकं स्वतंत्र फिरतात. (पुरुषांचा असा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा, स्त्रियांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा.) क्लीन किंवा स्नॅच या वेटलिफ्टिंगच्या उचली करताना बार हातात गर्रकन वळतो, आणि टोकं मोकळी असली की प्लेटींचं फिरणं बारपर्यंत पोचत नाही. टोकं जाम असली तर ते सगळं तळहातावर उतरतं. तुमच्या जिममधल्या बारचं टोक बोटानं फिरवून बघा. कुरकुरत असेल तर मालकाला तेलाचे दोन थेंब सोडायला सांगा. शे-दोनशेच्या ग्लोव्हजपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

बार धरायचा कुठे

ओढण्याच्या व्यायामांत, म्हणजे डेडलिफ्ट, रोइंग, पुलअप, लॅट पुलडाउन, श्रग या सगळ्यांत, बार तळहातात ठेवायचाच नाही. बोटं तळहाताला मिळतात तिथल्या रेषेच्या किंचित वर, बोटांच्या पहिल्या कांड्यावर तो आधी टेकवायचा, मग बोटं त्याच्याभोवती वळवायची आणि शेवटी अंगठा वरून लावायचा. बार शेवटी जिथे घसरून जाणारच आहे, तिथेच त्याला सुरुवातीपासून ठेवलं की मधली घडी पडतच नाही. पहिले काही दिवस पकड अपुरी वाटेल. बार बोटांच्या टोकावर लोंबकळतो आहे असं वाटतं. वजन थोडं कमी करून दोन आठवडे तसंच करा. पंजाची ताकद वाढते तशी ही भीती जाते.

पुलअपला लोक हीच चूक उलट्या दिशेनं करतात. वर बघून बारवर तळवा टेकवतात आणि मग लटकतात. शरीर खाली जातं, तळव्याची चामडी वर राहते. त्याऐवजी आधी बोटांचे आकडे बारवर अडकवा, मग पाय सोडा.

बेंच प्रेस आणि शोल्डर प्रेसला हा नियम लागू नाही. तिथे बार ढकलायचा असतो, त्यामुळे तो तळहाताच्या खालच्या गादीवर, मनगटाच्या रेषेत हवा. बोटांत धरलात तर मनगट मागे मोडेल. केटलबेल स्विंगला (कडं असलेला वजनाचा गोळा झुलवताना) मूठ सैल ठेवायची, कडं बोटांत नुसतं अडकलेलं असावं. ते आवळून धरलं की प्रत्येक झोक्याला चामडी पिरगळली जाते.

वेटलिफ्टिंगची हुक ग्रिप वेगळी आहे, तिथे अंगठा बार आणि बोटांच्या मधे दाबला जातो. सुरुवातीला अंगठा ठणकतो, त्याच्या कडेची साल निघते, म्हणून बरेच लिफ्टर अंगठ्याला टेप गुंडाळतात. मनमाडला वेटलिफ्टिंगची मोठी परंपरा आहे. तिथल्या एखाद्या लिफ्टरशी कधी गाठ पडली तर त्याच्या अंगठ्याकडे जरूर बघा.

वज्री, पण बेतानं

आता मुख्य काम. घट्टा ठेवायचा, त्याची पायरी काढायची. यासाठी लागणारी वस्तू बहुतेक मराठी घरांत न्हाणीघरात पडलेलीच असते. वज्री. टाचा घासायची ती. फक्त टाचांची वेगळी आणि हातांची वेगळी ठेवा.

आधी तपासा. अंगठ्याचं नख घट्ट्यावरून आडवं ओढा. कुठे अडकलं तर तिथे कड आहे. दुसरी परीक्षा: दोन बोटांच्या चिमटीत घट्टा वर उचलता येतो का? उचलता येत असेल तर बारलाही तो उचलता येणार.

आठवड्यातून एक-दोनदा, रात्री, आंघोळीनंतर किंवा पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवून मग घासा. कातडी पांढरट, फुगीर दिसू लागते तेव्हा ती तयार झाली. हलक्या हातानं, एकाच दिशेनं, आणि मधल्या भागापेक्षा कडा जास्त. शेजारच्या मऊ कातडीच्या पातळीला घट्टा आला की थांबायचं. गुलाबी रंग दिसू लागला किंवा हुळहुळलं तर तुम्ही पुढे गेलात. पूर्ण घट्टा काढून टाकणं म्हणजे दोन-तीन महिन्यांची कमाई सोडून पुन्हा फोडांपासून सुरुवात करणं. मग बार लागला की ती जागा आगीसारखी झोंबते आणि लोक म्हणतात, वज्रीनं काही होत नाही.

हे व्यायामाच्या आधी करू नका. भिजलेली कातडी दुबळी असते. भांडी घासून किंवा पोहून आल्यावर लगेच पुलअपला लटकणंही त्याच कारणानं टाळावं.

ब्लेड वापरणारे लोक आहेत. दाढीचं पातं घेऊन घट्टा तासतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की घट्ट्याला संवेदना नसते, त्यामुळे पातं जास्त खोल गेलंय हे रक्त आल्यावरच कळतं. कॉर्न कॅपचंही तसंच. कुरुपासाठी मिळणाऱ्या त्या गोल पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कडक आणि मऊ कातडीत भेद करत नाही, दोन्ही गाळतं. बार धरायच्या हाताला ते लावायचं कारण नाही. आणि मधुमेह असेल तर ब्लेड आणि कॉर्न कॅप दोन्हींपासून लांबच राहा.

घासून झालं की काहीतरी स्निग्ध लावा. तळहाताला स्वतःचं तेल नाही हे वर आलंच. कोरडा घट्टा कडक आणि ठिसूळ होतो, वाकवला की तडकतो. थोडी ओल राहिलेला घट्टा वाकतो. औषधाच्या दुकानात युरियाचं मलम मिळतं, साधारण १० टक्क्यांचं पुरतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि केराटिन मऊ करतो. ते नको असेल तर व्हॅसलीन, खोबरेल, कोकणातून आलेलं कोकम तेल, काहीही चालेल. रात्री लावायचं म्हणजे सकाळी बारवर हात घसरणार नाही.

थंडीत हे जास्त जपावं लागतं. नाशिकची थंडी कोरडी. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत टाचा फुटतात तसे घट्टेही फुटतात. तेव्हा घासणं कमी करा, मलम वाढवा. पावसाळ्यात उलट, हवेतच ओल असते, घट्टे फुगून मऊ राहतात, आणि त्रास होतो तो घामाचा.

घाम आणि पांढरी पूड

पूर्ण कोरड्या कातडीचं घर्षण बेताचं असतं. चिंब भिजलेल्या कातडीवर वस्तू घसरते. सगळ्यात वाईट ती मधली अवस्था, दमट. तेव्हा कातडी बारला चिकटते, ओढली जाते आणि मऊ असल्यामुळे फाटतेही लवकर. जुलैच्या संध्याकाळी बंद खिडक्यांच्या जिममध्ये हात नेमके तसेच असतात.

चॉक यासाठी. तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा असतो. शाळेच्या फळ्यावरच्या खडूशी त्याचं नातं नाही, तो खडू जिप्समचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा. चॉक घाम शोषतो. बार हातात फिरला नाही की आडवी ओढ कमी होते. मात्र पातळ थर पुरे. घट्ट्यांच्या मधल्या खळग्यांत चॉकचे ढेकूळ राहिले तर तेच घासू लागतात. आणि व्यायाम झाल्यावर हात धुवून टाका, कारण चॉक शोषायचं थांबत नाही. घाम संपला की कातडीतली ओल खेचत राहतो.

बऱ्याच जिममध्ये पसारा होतो म्हणून चॉकला बंदी असते. तिथे द्रवरूप चॉक चालतो, तो अल्कोहोलमध्ये कालवलेला असतो आणि हातावर वाळतो. फाटलेल्या कातडीवर मात्र चुकूनही लावू नका. टाल्कम पावडर चॉकच्या जागी चालत नाही. ती घसरण वाढवते. पॉवरलिफ्टर ती मांड्यांना लावतात ती बार मांडीवरून सुळकन वर जावा म्हणून. हाताला लागू नये याची ते काळजी घेतात. खेळाप्रमाणे घर्षण कमी-जास्त करायची ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. यशवंत व्यायामशाळेत मल्लखांब केलेल्या नाशिककराला विचारा, खांबाला एरंडेल का लावतात ते.

काहींचे तळहात बसल्या जागी, पंख्याखालीसुद्धा टपटप गळतात. हा वेगळा त्रास आहे, त्याच्यावर उपचार आहेत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

ग्लोव्हजचं काय?

मला ग्लोव्हज फारसे पटत नाहीत. पॅडिंगमुळे बारची जाडी वाढते, जाड बार धरायला जास्त जोर लागतो, आणि हातमोजाच्या आत कापडाची आणखी एक घडी पडते. घाम आतच राहतो तो निराळाच. महिनाभर न धुतलेल्या ग्लोव्हजचा वास ज्यानं घेतलाय त्याला जास्त सांगायला नको. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या रोइंगमध्ये (वल्ही मारून नाव पळवण्याच्या खेळात) उतरला, त्या खेळात २००० मीटरच्या एका शर्यतीला वल्ह्याचे दोनशेवर फटके पडतात, सरावात हजारो. तरी जगभरचे बहुतेक रोअर उघड्या हातांनीच वल्ही धरतात, कारण मोज्यानं वल्ह्याचा अंदाज जातो. हाताला सवय लावणं आणि घट्टे सपाट ठेवणं, हाच त्यांचाही मार्ग.

मुलींना मात्र जिममध्ये पाऊल ठेवताच ‘ताई, ग्लोव्हज घ्या, हात खराब होतील’ असं ऐकावं लागतं. ताईंना हात मऊ ठेवायचे असतील तर ती त्यांची मर्जी, आणि मग ग्लोव्हज ठीकच आहेत. फक्त ते बोटांच्या मुळाशी घट्ट बसणारे, पातळ चामड्याचे घ्यावेत. ज्यांच्या कामात हात मऊ असणं गरजेचं आहे, सुईकाम, वाद्य, लहान बाळांची देखभाल, त्यांनीही खुशाल वापरावेत. पण ‘खराब’ हा शब्द पुरुषांच्या हाताला कुणी का लावत नाही, कोण जाणे.

टेप जास्त कामाची. कापडी झिंक ऑक्साइड टेप औषधाच्या दुकानात मिळते; ढोल वाजवणारे बोटांना गुंडाळतात तशीच. कोरड्या हाताला, बोटं थोडी वाकवून गुंडाळायची, म्हणजे मूठ वळल्यावर रक्त अडत नाही. तळहातावर टेप टिकत नाही हे खरं. त्यासाठी एक लांब पट्टी बोटाच्या मुळातून काढून मनगटापर्यंत न्यायची आणि मनगटाला एक वेढा द्यायचा. मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायचे पट्टे, म्हणजे स्ट्रॅप, बोटांवरचा भार मनगटावर घेतात, जड रोइंग आणि श्रगला चांगले. पण प्रत्येक सेटला तेच लावले तर पकड कधी वाढणारच नाही.

फाटलाच तर

सेट सोडा. ‘एवढे तीन रेप पूर्ण करू’ यात निम्मी असलेली जखम पूर्ण होते. बारला रक्त लागलं असेल तर तो पुसा, तुमच्यानंतर दुसरं कुणीतरी तो धरणार आहे.

हात वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. झोंबेल, पण चॉक आणि मळ निघायला हवा. लोंबणारी चामडी ओढून तोडायची नाही. ओढली की चांगली कातडीही सोबत येते. ती स्वच्छ असेल आणि बऱ्यापैकी चिकटलेली असेल तर तशीच परत जखमेवर पसरून ठेवा, खालच्या कोवळ्या जागेला तेच सगळ्यात चांगलं पांघरूण. मळलेली किंवा एका टोकाला लटकणारी असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या लहान कात्रीनं मेलेला भाग तेवढा कापा.

नंतर घराघरांतले उपाय सुरू होतात. हळद, कॉफी पूड, टूथपेस्ट, आणि ‘लवकर सुकेल’ म्हणून उघडी ठेवलेली जखम. यातलं काही नको. पुडी जखमेत अडकते आणि पुन्हा खरवडून काढावी लागते. शिवाय जखम सुकवणं हेच उद्दिष्ट चुकीचं आहे. नव्या पेशी कडेकडून मधे सरकत येतात आणि ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. कडक खपली आली तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. तळहातावर तर खपली प्रत्येक मुठीला तडकते. व्हॅसलीनचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी, वर टेप. रोज बदला, भिजली तर लगेच.

धनुर्वाताचा प्रश्न इथे येतोच, ‘रॉडला गंज होता’ म्हणून. गंजामुळे धनुर्वात होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. गंजक्या वस्तूवर धूळ बसलेली असते इतकाच त्यांचा संबंध. शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील, किंवा जखम मळलेली असून पाच वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

डॉक्टरांकडे आणखी केव्हा जायचं? लाली रोज पसरत असेल, पू येत असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल. तळहातावरून मनगटाकडे लाल रेघ चढताना दिसली तर वाट बघूच नका, त्याच दिवशी जा. मधुमेहींनी छोटी जखमही दाखवावी.

तोपर्यंत पायांचा व्यायाम चालू राहतो. लेग प्रेस, लंजेस, आणि बार पाठीवर असल्यामुळे स्क्वॉटही. बेंच प्रेसला बार तळव्याच्या खालच्या गादीवर येत असल्यानं बोटांच्या मुळाची जखम बऱ्याचदा आड येत नाही. दुखलं तर सोडा. पुलअप आणि डेडलिफ्ट मात्र बंद. स्ट्रॅप लावून ‘चालवून घेणं’ही नको, हात बारवरच असतो.

उथळ जखम साधारण आठवडा-दीड आठवड्यात भरते. नवी कातडी गुलाबी, चकचकीत आणि पातळ असते. अंगठ्यानं दाबून दुखत नसेल तर टेप लावून नेहमीच्या निम्म्या रेपनी सुरुवात करा. त्याआधी एक काम राहतं, ते बहुतेक लोक विसरतात: भरलेल्या जागेभोवती जुन्या घट्ट्याची कड रिंगणासारखी उरलेली असते. मध्ये कोवळी कातडी आणि सगळीकडून पायरी. त्याच जागी महिन्याभरात दुसऱ्यांदा फाटतं ते यामुळे. जखम पूर्ण बुजली की वज्रीनं ते रिंगण आधी उतरवा, आत हात न लावता, मगच बारला लटका.